चावीवाल्याचा इको

एकतीस वर्षं पहाटे साडेतीनला उठून
मी कोल्हापुराला पाणी सोडलं.
खांद्यावर साडेचार फुटी चावी,
रस्त्याच्या मधोमध लोखंडी झाकण,
खाली चिखलात बसलेला व्हॉल्व्ह.
मंगळवार पेठेला सव्वीस आटे,
दुधाळीला एकोणीस, त्यातले शेवटचे दोन कडक.
मग चावीच्या दांड्याला कान लावायचा.
पाणी निघालं की लोखंड आतून खरखरतं.

आज सीपीआरच्या चौदा नंबर खोलीत
मी डाव्या कुशीवर, शर्ट खुंटीला.
शबनम मुजावर नावाच्या पोरीनं
छातीला गार जेल लावलं.
"काका, श्वास सोडा. धरा. हलू नका."
पडद्यावर करड्या धुक्यात
काहीतरी उघडझाप करत होतं,
रंकाळ्यातला मासा तोंड हलवतो तसं.
"ही तुमची झडप."
जन्मभर गावाच्या बघितल्या,
स्वतःची पहिल्यांदा.

विचारलं, हा ठोका म्हणजे ती उघडते त्याचा आवाज ना?
"नाही काका, मिटल्याचा.
आतल्या दोन मिटल्या की पहिला,
बाहेर जायच्या वाटेवरच्या दोन मिटल्या की दुसरा.
उघडताना गप्प असतात."
हे मला ठाऊक असायला हवं होतं.
फिरंगाईत एकदा घाईनं बंद केला,
पाणी माघारी धडकलं
आणि इनामदारांच्या भिंतीतला पाइप फुटला.

ती हात फिरवत सांगत राहिली.
उजव्या बाजूनं वापरलेलं रक्त येतं,
फुफ्फुसात जाऊन हवा खाऊन येतं,
डावी बाजू ते गावभर ढकलते.
मोठी लाइन, पोटलाइन, मग इतक्या बारीक नळ्या
की पेशींना एकामागं एक जावं लागतं,
महाद्वार रोडच्या बोळात सायकली जातात तशा,
अंग चोरून.
आणि पायातलं वर कसं चढतं?
"पोटऱ्या दाबतात. शिरांतही झडपा असतात."
म्हणजे मी चालत होतो तेव्हा
माझ्या पोटऱ्याही ड्यूटीवर होत्या.
त्यांचं नाव मस्टरवर कुठं नव्हतं.

आमचं पाणी एकदा गेलं की गेलं.
मोरीतून गटारात, गटारातून जयंती नाल्यात,
पुढं पंचगंगेचं नशीब.
हे मात्र पाच लिटर, तेच तेच,
मिनिटाला एक फेरी,
आणि कुणाच्याही दारात टँकर नाही.

एक राहिलं होतं, ते विचारलं.
ह्या पंपाला स्वतःला पाणी कोण देतं?
तिचा हात थांबला.
"मोठ्या लाइनच्या तोंडालाच त्याची फांदी असते.
सगळ्यांच्या आधी. पण काका,
आवळलेला असताना त्याला घेता येत नाही.
सैल पडतो ना, दोन ठोक्यांच्या मधे,
तेव्हाच त्याचं पोट भरतं."

मी छताकडं बघत राहिलो.
राजेंद्रनगरात आमचं घर लाइनच्या शेवटाला.
मी शहर भरून परत यायचो
तेव्हा कलावती नळाखाली वाटी धरून बसलेली,
थेंब थेंब.
म्हणायची, "चावी तुमच्या हातात, आणि बघा."
मी म्हणायचो, नियम म्हणजे नियम.
सैल पडायचं असतं, हे तिला कळलं होतं का,
आता विचारायला ती नाही.

शबनमनं रंग चालू केला.
तांबडं, निळं. झडप मिटली
आणि मिटल्यावरही एक निळी जीभ
मागच्या मागं सुटली.
तिनं काही म्हणायच्या आत मी म्हणालो,
वायसर गेलाय.
ती हसली नाही. "मध्यम गळती. डॉक्टर सांगतील."

बाहेर पायरीवर फोन वाजला.
माझ्या जागी आलेला संकेत चौगले,
दुधाळीच्या खड्ड्यात उभा.
"आण्णा, शेवटचे दोन आटे हलंनात."
उलटा अर्धा घे, मग सुलटा, म्हणालो.
पलीकडं दम टाकल्याचा आवाज.
"सुटलं!"
ऐकू आलं मला, लोखंडातलं पाणी, फोनमधून.

बंद करताना मात्र हळू कर, म्हणालो.
लई हळू.
मधे जरा थांब.